एकोणिसाव्या कडीचा रंग

मॅडमनी टेबलावर पांढरा कागद अंथरला, त्यावर सहा नळ्यांचा स्टँड ठेवला आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "फक्त रंग सांगा. डावीकडून एकेक."

मी खुर्चीला हात लावला नाही. उभाच राहिलो. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतनं सोलापूरचं लख्ख ऊन आत येत होतं आणि सहाही नळ्यांच्या तळाला चिमूट-चिमूट रवा बसला होता. मी नळ्यांकडं बघितलंच नाही, मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिलो.

मी पुढं काय बोललो ते सांगतोच. पण आधी थोडं मागं जायला लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, हंचाटेला एवढा राग कशाचा आला.

आम्ही भावसार. बाप रंगारी, आजा रंगारी. माझी शाळा सातवीपर्यंत, ती पण मास्तर दयाळू होते म्हणून. मग थेट रंगाच्या हौदावर. एकवीस वर्षं चादरीचं सूत रंगवलं. डायिंगमास्तर नमुन्याची लड उन्हात धरून, सावलीत धरून, चष्मा वर-खाली करून शेड जुळवायचा. मी लांबून जाताजाता सांगायचो, मास्तर, ह्यात निळा चिमूटभर जास्त पडलाय. मास्तर शिव्या घालायचा आणि मग चिमूटभर पिवळा टाकायचा. पुढं मिल बंद पडली आणि मी चिंचोळीच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत गेलो. तिथले प्रॉडक्शनचे बिराजदार साहेब म्हणाले, तुला काय येतं? म्हणलं, रंग ओळखता येतो. ते हसले. पण त्यांना नेमका तसाच माणूस पाहिजे होता.

कारण तिथलं काम असं होतं. साखरेच्या आजाराचं इंजेक्शन निघायचं, त्याच्या आतलं औषध म्हणजे एक साखळी. एकतीस कड्यांची. बारीक रव्यासारखे दाणे असतात, त्यांच्यावर ही साखळी एकेक कडी जोडत वाढवत न्यायची. एक कडी जोडली की चिमूटभर रवा काढायचा, काचेच्या नळीत टाकायचा, तीन बाटल्यांतले थेंब घालायचे आणि पाच मिनिटं गरम करायचं. रवा पिवळसर राहिला तर कडी सगळ्यांना लागली, पुढं चला. निळा झाला तर काही साखळ्यांची टोकं उघडी राहिलीत, तीच कडी परत जोडा. परत जोडणं म्हणजे चार तास आणि महागाचा माल.

ह्या निळ्या-पिवळ्यावर मी तिथं चौदा वर्षं भाकरी खाल्ली. कागदावर दोन सह्या लागायच्या, एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. तपासणाऱ्यानंही नळी स्वतः बघायची असा नियम. पण माझ्या सहीखाली सही करायला सिद्राम कोरे कधी नळी बघायचा नाही. मामांनी बघितलंय ना, मग मी काय वेगळं बघणार, म्हणायचा आणि कोपऱ्यात फराटा ओढायचा. मलाही ते गोड लागायचं. खोटं कशाला बोलू.

तर त्या वर्षी एक मोठी बॅच निघाली. पुण्याला माणसांवर चाचणी व्हायची होती, साठ-सत्तर लोक आठवड्याला एक सुई घेणार होते, त्यांच्यासाठीचं औषध. तारीख ठरलेली. आणि तपासणीत त्या औषधात एक परका तुकडा सापडला. शंभर भागांत अर्ध्या भागाहून जरासा जास्त. औषध गाळून घ्यायचं यंत्र होतं, पण हा तुकडा औषधाशी इतका मिळताजुळता की गाळणीतनं त्याच्या बरोबरीनं निघून आला.

ते काम तनुजा मॅडमकडं आलं. डॉक्टर तनुजा बोरवणकर. बत्तीसेक वर्षांची, बारीक अंगाची, बोलणं हळू आणि चालणं घाईचं. बाकीचे साहेब लोक प्लँटात यायचे ते नाकाला रुमाल लावून. ही बाई येऊन आमच्याबरोबर कँटीनच्या बाकावर बसायची, डब्यातली शेंगाची चटणी मागून घ्यायची आणि तिखट लागून डोळ्यांतनं पाणी काढायची. मला पहिल्या दिवसापासनं मामा म्हणायची. मी मनातनं तिला भाचीच मानली होती.

एवढासा तुकडा, त्याचं एवढं काय, असं मी एकदा तिला विचारलं. माझी बायको इंदू तेव्हा सकाळ-संध्याकाळ साखरेची सुई घ्यायची, म्हणून मला जरा जास्तच चौकशी. मॅडमनी सांगितलं ते अजून डोक्यात आहे.

"मामा, तुमच्याकडं कुत्रं आहे ना? ते तुमच्यावर भुंकत नाही. आता समजा, हुबेहूब तुमच्यासारखा दिसणारा माणूस दारात आला, फक्त एक बोट कमी. कुत्र्याला कळेल, हे काहीतरी वेगळं आहे. ते भुंकेल. रोज तो माणूस आला तर रोज भुंकेल. आणि एक दिवस सवयीनं तुमच्यावरच धावून येईल."

माणसाच्या रक्तात तसं असतं म्हणे. तुटक्या साखळीवर रक्त एकदा भुंकायला लागलं की चांगल्या औषधावरही भुंकतं. मग औषध लागू पडत नाही. आणि अंगातली स्वतःची तशीच साखळी असते, तिच्यावरही ते उलटू शकतं. मग त्या माणसाला नंतर कुठलीही सुई देऊन उपयोग नाही. मला एकदम इंदूचा दंड दिसला, सुया टोचून टोचून काळा पडलेला.

मॅडमनी आधी कॉम्प्युटरला विचारलं. तो म्हणाला, धोका असू शकतो. मग तो तुकडा पुण्याच्या लॅबला पाठवला. तिथं पन्नास धडधाकट माणसांचं रक्त घेतलं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यापुढं हा तुकडा ठेवला. चांगलं औषध ठेवलं तेव्हा सगळ्या गप्प होत्या. हा तुकडा ठेवल्यावर पन्नासातल्या चौघांच्या पेशी जाग्या झाल्या.

बिराजदार साहेबांचं म्हणणं, पन्नासातले चार म्हणजे काय लई नाही, नळीतलं रक्त वेगळं आणि माणसातलं वेगळं, चाचणी पुढं ढकलता येणार नाही. मॅडमचं म्हणणं, ही बॅच माणसात जाणार नाही. दोघांचं कँटीनमध्ये सगळ्यांदेखत वाजलं. शेवटी मॅडमनी स्वतःच्या सहीनं बॅच अडवली. त्यांना पुण्याच्या हेड ऑफिसातनं सांगण्यात आलं, अडवलीत ना, आता तुकडा आला कुठनं ते आठ दिवसांत शोधा, पुढच्या बॅचला तो दिसता कामा नये.

तुकड्यात कुठली कडी कमी आहे ते मशिननं सांगितलं. एकोणिसावी. तिथं साखळी गोळा होऊन बसते आणि कडी आत शिरायला मागत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मॅडमनी बॅचचे कागद काढले. एकोणिसावी कडी, चाचणीचा रंग पिवळा, सही ना. बा. हंचाटे, तपासले सि. कोरे.

आणि म्हणून त्या सकाळी पांढरा कागद आणि सहा नळ्या.

तर मी म्हणालो, "मॅडम, तुमचं वय काय?"

त्या गोंधळल्या. "बत्तीस."

"मी रंगात आहे पस्तीस वर्षं. तुम्ही पाळण्यात नव्हता तेव्हापासनं निळा ओळखतोय मी. आणि आज मला पाटीवर अ आ काढायला लावताय होय?"

"मामा, तसं नाही. मी सगळ्यांनाच..."

"सगळे म्हणजे कोण? सिद्रामला बोलावलंत? नाही ना. मला बोलावलंत. माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सांगा. ह्या चौदा वर्षांच्या कागदांवरनं माझ्या सह्या काढा आणि मला भांडी धुवायला लावा. पण परीक्षा नाही द्यायचा मी."

आवाज चढला होता. काचेपलीकडं दोन-तीन जण थांबले, त्यात सिद्राम पण होता. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी त्या नळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्टँड उचलून मागच्या कट्ट्यावर ठेवून दिला, त्यावर रुमाल टाकला.

"चुकलं माझं, मामा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला असं विचारायला नको होतं. माफ करा."

मी खुर्ची परत टेबलाखाली सरकवली.

"एकच सांगा. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. एकोणिसाव्या कडीला रंग कोणता होता?"

"पिवळा."

"शंका?"

"शंका आली असती तर परत चालवलं असतं की."

त्यांनी लिहिलं. माझ्यासमोर, शाईच्या पेनानं. मी बाहेर आलो तर सिद्राम पाठ थोपटत म्हणाला, बरं झालं, ह्या पुण्याच्या लोकांना असंच पाहिजे. मी नळावर जाऊन तोंड धुतलं.

प्लँटात चूक नाही म्हटल्यावर मॅडमना एकच वाट राहिली. एकोणिसाव्या कडीचा माल हैदराबादच्या एका छोट्या कारखान्यातनं यायचा, ड्रमातनं. तो मालच मंद असणार, असं त्यांनी रिपोर्टात लिहिलं. त्या कारखान्याची ऑर्डर बंद झाली. दुसरीकडनं माल आला आणि दुसरी बॅच लागली.

एकोणिसाव्या कडीच्या दिवशी पहिली पाळी माझीच होती. मी नळी गरम केली, खिडकीशी नेली, परत ट्यूबलाइटखाली आणली. सिद्राम म्हणाला, काय मामा, पोरीचं स्थळ बघताय काय एवढं? मी लिहिलं, पिवळा. त्यानं फराटा ओढला.

महिन्याभरानं तपासणी झाली. तोच तुकडा. पहिल्यापेक्षा दुप्पट.

पुण्याहून तिघे जण आले. दार बंद करून चार तास बसले. बिराजदार साहेब बाहेर आले ते मला बघून म्हणाले, बाईंचं गणित चुकलं, भलत्याच्या गळ्यात मारलं होतं. आत मॅडमना विचारलं म्हणे, प्लँटातल्या चाचणीची तुम्ही स्वतः खात्री केली होती का? त्यांनी सांगितलं, हो, केली होती. माझं नाव घेतलं नाही. सांगता आलं असतं त्यांना, की हंचाटेनं परीक्षा दिली नाही. नाही सांगितलं.

दोन्ही बॅचा फेकून दिल्या. एवढं एक बरं, की कुणाच्या दंडात काही गेलं नाही. ते त्या बाईमुळं. पण पुण्याच्या चाचणीचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं आणि मॅडमना तपासाच्या कामावरनं काढून फाइली लावायला बसवलं. त्यांनी महिनाभर लावल्या आणि राजीनामा दिला.

जायच्या दिवशी त्या प्लँटात आल्या, सगळ्यांना भेटल्या. मला म्हणाल्या, "मामा, ह्यांना तुमच्यासारखी नजर परत मिळणार नाही. जपा."

मी मान हलवली. शेंगाच्या चटणीची पुडी हातात दिली. इंदूनं मुद्दाम कमी तिखट करून दिली होती.

आता नजरेचं सांगतो.

हे सगळं व्हायच्या आधी दिवाळीत इंदूनं आकाशी रंगाची साडी घेतली होती आणि मला त्या साडीचा फॉल आणायला धाडलं. मी आणला. तिनं तो साडीवर ठेवला आणि पोट धरून हसली. राखाडी होता. म्हणाली, रंगाऱ्याचा नातू आणि आकाशी साडीला राखाडी फॉल, दुकानदारानं फसवलं होय? मी म्हणालो, हो, फसवलं, दुकानात दिवा पिवळा होता. ती मात्र हसता हसता थांबली. माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली. म्हणाली, डोळे दाखवून या.

नाही गेलो. नाही गेलो म्हणजे, मला माहीत होतं म्हणून नाही गेलो. वर्ष-दीड वर्ष झालं होतं, निळा माझ्यापासनं लांब जायला लागला होता. गर्द निळा दिसायचा. पण फिकट निळा, नळीतल्या रव्याला जी झाक येते तेवढाच, तो मला मळक्या पाण्यासारखा दिसायचा. मी अंदाजावर चाललो होतो. कुठली कडी सोपी, कुठली अवघड, चौदा वर्षांत पाठ झालं होतं. सोपी असली की पिवळा लिहायचो. अवघड असली की मनाला विचारायचो.

पहिल्या बॅचच्या एकोणिसाव्या कडीला नळी मळकट दिसली होती. सिद्रामला म्हणता आलं असतं, बाबा, तू बघ जरा. चार शब्द. पण मग तो म्हणाला असता, मामा, हे तर निळंय की, तुम्हाला दिसत नाही? आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चिंचोळीला कळलं असतं की हंचाट्याची नजर गेली. मी पिवळा लिहिला.

त्या सहा नळ्यांकडं मी बघितलं नाही ते रागानं नाही. मला तेव्हा राग आलाच नव्हता. भ्यालो होतो मी. आणि दुसऱ्या बॅचला? तेव्हा तर मला पक्कं ठाऊक होतं की मला दिसत नाही. परत चालवता आलं असतं, कुणी विचारलं नसतं. पण परत चालवलं आणि तुकडा गेला असता, तर सगळ्यांनी म्हटलं असतं, मग मागच्या वेळी का नाही चालवलं? म्हणून मी तेच लिहिलं, जे आधी लिहिलं होतं.

मॅडम गेल्यावर सहा महिन्यांनी इंदूनं मला हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू, बराच पिकलाय, काका तुम्ही इतके दिवस काय करत होता? दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तर समोर नर्सच्या खांद्यावर निळी पट्टी होती. इतकी निळी, की मी मान वळवली. इंदूला वाटलं, उजेड सोसत नाही.

तोवर कंपनीनं रंग वाचायचं यंत्र आणलं होतं. मला कुणी काही विचारलं नाही. मी रिटायर झालो तेव्हा बिराजदार साहेबांनी शाल घातली आणि भाषणात म्हणाले, मामांच्या डोळ्यावर ही कंपनी उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्रामनं सगळ्यात जोरात.

त्यानंतरही किती वर्षं मी घरीच बसून होतो. उद्या जाऊ, सुगीनंतर जाऊ, गुडघा दुखतोय. इंदूला मी सगळं सांगितलं ते मागच्या वर्षी. ती ऐकत होती, शेंगा सोलत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, मला सांगून काय उपयोग. सिद्रामकडनं पत्ता आणला तो पण तिनंच. येतीस का विचारलं तर म्हणाली, एकटेच जा.

मॅडम आता पुण्यात एका कॉलेजात शिकवतात. सहकारनगरात छोटं घर, पुढं दोन हात बाग. केस पांढरे झालेत, चालणं मात्र तेच. मला बघून खुश झाल्या, मामा, मामा करत आत नेलं, इंदूच्या साखरेची चौकशी केली, चहा टाकला. कप हातात देईपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. नळी, फॉल, दोन्ही बॅचा, सगळं. तोंडातनं नीट निघेना, तरी सांगितलं.

त्यांनी स्वतःचा कप खाली ठेवला. कपातल्या चहाकडं बघत बसल्या.

मग म्हणाल्या, "हैदराबादच्या त्या माणसाला मी पत्र लिहिलं होतं. तुमचा माल मंद आहे म्हणून. तो दोनदा फोन करून सांगत होता, मॅडम, माझा माल चांगलाय. मी ऐकलं नाही."

हैदराबादच्या माणसाचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता.

"मी बॅच अडवली ते बरोबर होतं, हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण तुकडा आला कुठनं, ते बारा वर्षं कळलं नव्हतं. मी स्वतःलाच विचारायचे, काय सुटलं आपल्याकडनं. पुन्हा पुन्हा सगळं तपासायचे. एक गोष्ट कधी तपासली नाही."

मी खाली फरशीकडं बघत होतो.

"मामा, मी तुमची माफी मागितली होती."

"हो," मी म्हणालो. "ती परत द्यायला आलोय."

त्यांनी ती घेतली का नाही, मला सांगता येणार नाही. उठल्या, कप उचलले, आत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. दोनच कप होते. बाहेर आल्या तेव्हा मी चपला घातल्या होत्या. फाटकापर्यंत सोडायला आल्या.

फाटकावर गोकर्णाचा वेल चढवला होता, भरगच्च फुललेला. मी कडीला हात घातला तर त्या थांबल्या. वेलाकडं बोट केलं.

"मामा, रंग कोणता?"

माझ्या बापाकडं निळ्याला बावीस नावं होती. मला सगळी येतात. त्या वेळी एकही तोंडात येईना.

"निळा," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या, आणि फाटक उघडून दिलं.